विहिरीवरची मोटार आणि माझं ध्यान

शिबिर फुकट होतं. हे आधीच सांगतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. आता या फुकटाचा खरा खर्च ऐका. पांढरे कपडे आणा, असं त्यांनी कळवलेलं. माझ्याकडं पांढरं म्हणजे स्वतःच्या लग्नातला एक सदरा, त्याची बटणं आणि काजं आता एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून दोन सदरे, दोन पायजमे नवे घेतले. निपाणी ते बेळगाव एक बस, तिथून खानापूरच्या रस्त्याला दुसरी बस, फाट्यावरून रिक्षा. फाट्यावर रिक्षा एकच असते, त्यामुळं रिक्षावाला म्हणेल तो दर. येताना अर्धा किलो कुंद्याची मिठाई, कारण बेळगावहून हात हलवत आलेल्या माणसाला आमच्या घरात कुणी पाणी विचारत नाही. गुडघ्यांना लावायचं तेल. दुकान चार दिवस बंद, तेही मार्चमध्ये, जेव्हा ऊसवाल्यांच्या मोटारी रोज जळतात. देणगीच्या पेटीत किती टाकले ते सांगत नाही. पेटीच्या समोरच मॅनेजरची खुर्ची असते, एवढं सांगतो.

एवढं करून काय मिळालं, असं विचाराल तर मी अजून गोंधळलेलाच आहे. तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी जायचा विचार करत असेल, तर माझा गोंधळ तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

निपाणीत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. दहावीला गणितात अडकलो आणि एका मिस्त्रीच्या हाताखाली तांब्याची तार गुंडाळायला लागलो. पुढं स्वतःचं दुकान टाकलं, मग मागची जागा घेतली, मग वर माडी चढवली. हे सगळं कानानं मिळवलंय. मोटार उघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय, शाफ्ट वाकलाय की एक फेज येत नाही. लांबच्या गावातले शेतकरी मोटारीपाशी फोन धरतात आणि मी इथं दुकानात चहा पीत निदान करतो. या कानानं मला आजवर फसवलेलं नाही, असं मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत आलो.

अडचण अशी की हाच कान मी माणसांनाही लावतो. आमची तेजू बेळगावला टिळकवाडीत राहते, एका वकिलांच्या हाताखाली वकिली शिकते. तिच्या फोनवरच्या 'हॅलो'वरून मी सांगायचो की पोरगी जेवलेली नाही. 'हॅलो' जरा खाली गेला की माझ्या छातीत इंजिन सुरू व्हायचं. तोंड कोरडं, हात गार, आणि डोक्यात एकामागून एक चित्रं. हे काल-परवाचं नाही, तेजू बालवाडीत जायची तेव्हापासूनचं आहे. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, म्हणाले हृदय बैलासारखं आहे, काळजीचा आजार आहे. रोजची एक गोळी लिहून दिली. ती चालू आहे आणि त्यांना विचारल्याशिवाय बंद करणार नाही. तुम्हीही करू नका. पण गोळी घेऊनही मी रात्री दुकानाचं कुलूप ओढून बघायला पुन्हा खाली जायचो, आणि सकाळी तेजूला फोन लावायचो तो दुपारपर्यंत लावतच राहायचो.

एका रविवारी मी माडीवर झोपलोय असं समजून आमची ही, म्हणजे सुनंदा, खाली फोनवर बोलत होती. अगदी बारीक आवाजात. बारीक आवाज मला जास्त ऐकू येतो, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळायला हवं होतं.

"त्यांना न्हाय सांगायचं गं तेजू. म्हैनाभर झोपायचे न्हाईत, आणि मलाबी झोपू द्यायचे न्हाईत."

आता सांगा, माझ्यासारख्या माणसानं यावर काय करायचं? दोन दिवस मी धीर धरला. तिसऱ्या दिवशी तेजूला फोनवर सरळच विचारलं, "माझ्यापासून काय लपवताय तुम्ही मायलेकी?"

तिनं तिकडं कुठलं तरी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "आप्पा, मी कोर्टात उभी असते आणि पर्समध्ये फोन थरथरतोय. उचलला तर आवाज असा का येतोय म्हणता. न्हाय उचलला तर आईला फोन, मग माझ्या घरमालकीणबाईंना फोन. तुम्हाला काय सांगायचं म्हणजे मला भ्या वाटतंय. आधी असं न्हवतं. आधी मी सगळं तुम्हालाच सांगायची."

हे शेवटचं वाक्य लागलं. कारण ते खरं होतं. शाळेत कुणी चिमटा काढला तरी ती आधी माझ्या दुकानात यायची.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"खानापूरच्या रस्त्याला ध्यानाचं शिबिर असतंय. चार दिवस. फोन जमा करून घेतात. तिथं जाऊन या, आणि परत जाताना माझ्याकडं या. मी सगळं सांगते."

"आणि न्हाय गेलो तर?"

"तर न्हाय सांगत."

वकिली चांगली शिकतेय पोरगी. मी सुनंदाला म्हटलं, "मला म्हाईत हाय काय ते. कुणीतरी पोरगा हाय. तिच्या आवाजावरनं सांगतो, पैज लाव." सुनंदा "हं" म्हणाली आणि पीठ चाळायला गेली. 'हं'वरून काही कळलं नाही.

निघालो. कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. त्यामुळं सकाळच्या गाडीत पुरुषांनी जागेची आशा ठेवू नये, हा माझा पहिला सल्ला. तवंदी घाट मी दांडीला लोंबकळत पार केला. समोरच्या सीटवर दोन बायका होत्या, मांडीवर मोकळ्या पिशव्या, बाजाराला निघालेल्या.

एक म्हणाली, "तिकीट काढलंय ह्या आण्णांनी आणि बसलोय आपन. कसंतरीच व्हतंय बघ."

दुसरी म्हणाली, "व्हतंय तर ऊठ की."

"उठत न्हाय. नुसतं व्हतंय."

ही बाई पुढं चार दिवस माझ्या डोक्यात राहिली. वाटणं आणि उठणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं तिला शिबिराशिवाय जमत होतं.

संकेश्वरला दोघी उतरल्या आणि मला जागा मिळाली. स्टँडवर गाडी थांबते तेवढ्यात भजी घेता येतात, पण समोर तळताना दिसली तरच घ्या. पुढं रस्त्याचं काम चालू असल्यानं गाडी मधेच बाजूच्या कच्च्या रस्त्याला उतरते, तेव्हा खिडकी लावून घ्या, नाहीतर पांढरे कपडे बेळगावात पोचेपर्यंत पांढरे राहत नाहीत. हत्तरगीच्या टोलनाक्यावर मी तेजूला फोन लावला.

"पोचलात?"

"न्हाय, निघालोय म्हणून सांगाय केलता."

"ते निघताना सांगितलंय आप्पा."

बेळगाव स्टँडवर गाडी बदलली. खानापूरच्या बाजूला माती एकदम लाल होते, रस्त्याकडेला कौलांच्या भट्ट्या लागतात, आणि आमच्याकडचा उघडाबोडका माळ संपून झाडी सुरू होते. शिबिराची जागा काजूच्या झाडांत आहे. बसकी कौलारू घरं, मधे मोठा हॉल, मागं विहीर आणि विहिरीवर पत्र्याच्या शेडमध्ये मोटार. मोटार मी रिक्षातून उतरतानाच ऐकली. जुनी पाच एचपीची, पाणी वर टाकीत चढवत होती, आणि तिच्या आवाजात मधे मधे एक किरकिर होती. बेअरिंग कोरडं पडलंय, हे मला दारातच कळलं.

मॅनेजरनं फोन मागून घेतला, कापडी पिशवीत घालून वर नंबर लावला. फोन गेल्यावर उजव्या तळहाताचं काय करायचं ते मला बराच वेळ कळेना. शेवटी तो मी पाठीमागं बांधून ठेवला.

खोलीत जोडीला बाबगोंडा आप्पा म्हणून चिकोडीकडचे ऊस बागायतदार होते. वयानं माझ्यापेक्षा मोठे, अंगानं दुप्पट. सुनेनं ऑनलाइन नाव घातलं म्हणून आले होते.

"तुमाला काय तरास हाय?" त्यांनी विचारलं.

"काळजी. बारा महिने. तुम्हाला?"

"मला काय न्हाय. सून म्हणती, मामांजी लई बोलतात. चार दिवस गप बसायला धाडलंय."

संध्याकाळी जेवण नव्हतं, चुरमुरे आणि केळी. शहराकडून आलेले लोक एकमेकांकडं बघायला लागले. आम्हा दोघांना काही वाटलं नाही, दिवस मावळायच्या आत खायची आमची जैनांची घरचीच सवय. तुम्हाला सवय नसेल तर दुपारी पोटभर जेवा. सांबार छान असतो, भाजीला तिखट कमी.

त्यानंतर मौन सुरू झालं, आणि माझ्या गोंधळाची खरी सुरुवात तिथं झाली.

शिकवणारे सर धारवाडचे होते. शांत, सडपातळ माणूस, आवाज तुपात घोळवलेला. शिबिरात निम्मे लोक कन्नड, निम्मे मराठी. त्यामुळं आमच्या सीमाभागात सगळीकडं चालतं तेच इथंही होतं: प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. कुणाला राग नको म्हणून सकाळी आधी कन्नड, मग मराठी. संध्याकाळी आधी मराठी, मग कन्नड. एकच भाषा येणाऱ्याचं काम सोपं. त्याला दुसरी वेळ विश्रांतीची. पण आमच्यासारख्या दोन्ही येणाऱ्यांचं काय होतं बघा. सर म्हणाले, "कण्ण मुच्चरी." मी डोळे मिटले. मग म्हणाले, "डोळे मिटा." मी मिटलेलेच होते, तरी एक उघडून बघितला, इतरांनी मिटलेत का. हॉलमध्ये आणखी बरेच एक-एक डोळे उघडे होते. सगळे निपाणी-चिकोडीकडचे.

मग डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाकडं लक्ष न्यायचं होतं. कन्नडमधून मी गुडघ्यापर्यंत पोचायचो, तेवढ्यात मराठीतून कपाळ सुरू व्हायचं. परत वर जायचो. परत खाली. एका बैठकीत मी स्वतःच्या अंगावर इतक्या खेपा घातल्या की उठताना दमलो होतो. त्यात मन मधेच तुलना करायचं. कन्नडमध्ये सर 'सावकाश' म्हणालेले, मराठीत ते राहिलं. का राहिलं असेल? घाईत आहेत का? काही झालंय का?

आणि मागून मोटार. किरकिर, किरकिर. किरकिर वाढली की मला वाटायचं, आता जाम होणार, वायंडिंग जळणार, एवढ्या माणसांना पाणी नाही, मॅनेजरची धावपळ. तिथून मन उडी मारून टिळकवाडीत जायचं. पोरगा कोण असेल? की पोरगा नाहीच, काही दुखणं आहे? सुनंदा जानेवारीत दोन दिवस भावाकडं म्हणून बेळगावला गेलती, ती भावाकडंच गेलती काय? बाहेर बघणाऱ्याला वाटावं, काय शांत बसलाय हा माणूस. शेजारी बाबगोंडा आप्पा खरोखर शांत होते, पण त्यांचं घोरणं मी ओळखतो.

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारायची वेळ होती. एकेकानं सरांच्या खोलीत जायचं आणि हळू बोलायचं.

मी विचारलं, "सर, लई वर्षांची काळजी हाय. ही जाईल काय?"

"जाईल असं मी सांगत नाही," सर म्हणाले. "येताना दिसेल."

"दिसली तर काय करायचं?"

"बघायचं."

"बघून?"

सर हसले. "पुढच्यांना पाठवा," म्हणाले.

मी आलो तसाच बाहेर पडलो. इतकी वर्षं मी काळजी बघतच होतो की. रात्रंदिवस बघत होतो. मग यांच्या बघण्यात आणि माझ्या बघण्यात फरक काय? हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर खाली प्रतिक्रियेत लिहा.

त्या दिवशी विहिरीच्या कट्ट्यावर बाबगोंडा आप्पा पाय धूत होते. मौन होतं, पण ते मौन त्यांनी सुनेपुरतं ठेवलेलं. मी त्यांना कुजबुजत माझा दोन भाषांचा घोळ सांगितला.

"तू दोन्ही ऐकतोयस कशाला रं?" ते म्हणाले. "एक ऐक. दुसरं बोलाय लागले की स्टँडवरची अनाउन्समेंट समज. आपली गाडी न्हाय ती."

"कुठलं ऐकू?"

"जे कमी लागतंय ते."

हे मला पटलं. विचार केला तर माझी काळजी सगळी मराठीत आहे. तेजूचे फोन मराठीत, सुनंदाची कुजबुज मराठीत, रात्रीची चित्रंही मराठीत. कन्नड माझी गिऱ्हाइकांची भाषा. दुकानाचं शटर ओढलं की ती संपते. तिच्यात मी कधी घाबरलेलो नाही. पैसे राहिले तरी कन्नडमध्ये मी नुसता चिडतो. म्हणून ठरवलं, फक्त कन्नड धरायचं. मराठी सुरू झालं की सोडून द्यायचं. सख्ख्या भाषेला असं दारात उभं करणं जरा जड गेलं, पण चार दिवसांचाच प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते झालं तसं लिहितो. ऊन तापलेलं, हॉलमध्ये पंखे. सरांनी कन्नडमध्ये श्वास सांगितला, मी धरला. मराठी सुरू झालं, मी जाऊ दिलं. थोड्या वेळानं लक्षात आलं की छातीतलं इंजिन आलंय. येताना दिसलं, अगदी सर म्हणाले तसं. पोटातून वर आलं, गळ्यापर्यंत चढलं, आणि मी काहीच केलं नाही. बसमधल्या त्या बाईसारखं. नुसतं होतंय, उठत नाही. ते तिथं थोडा वेळ घुमलं आणि खाली गेलं. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोटारीची घरघर चालू होती, पण किरकिर ऐकू येत नव्हती. मी कान दिला, तरी येत नव्हती. इतकी वर्षं जो कान मला बंद करता आला नाही, तो मी बसल्या जागी बंद केला होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर आल्यावर बाबगोंडा आप्पांना विचारलं, "ती किरकिर तुम्हाला आली का आता, शेवटी शेवटी?"

"मी झोपलतो," ते म्हणाले.

म्हणजे साक्षीदार नाही. पण मला साक्षीदाराची गरज वाटली नाही. त्या संध्याकाळी नाही, चौथ्या दिवशी सकाळीही नाही, मला ती किरकिर एकदाही ऐकू आली नाही.

निघताना फोनची पिशवी घेताना मी मॅनेजरला गाठलं. "तुमच्या विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय. मला आता ऐकू येत न्हाय, ती ध्यानाची करामत हाय. पण हाय ते गेलेलंच. आठवडाभरात जाम होईल. न्हाय झाली तर माझं दुकान बंद करतो." माझं कार्ड दिलं. ते त्यांनी देणगीच्या पेटीवर ठेवलं आणि म्हणाले, "बघतो."

बेळगावला पोचून टिळकवाडीत गेलो. तेजूची खोली दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला आहे. तिनं चहा टाकला. मी पायरीवर बसलो. वाटेत फोन चालू केला नव्हता, आणि हे तिला सांगायचं मी मुद्दाम लांबवत होतो, कौतुक करून घ्यायला.

तिनं कप दिला आणि डावा हात पुढं केला. "बघा काय दिसतंय?"

"काय न्हाय."

"मनगट मोडलतं. ह्याच गेटजवळ खडीवरनं गाडी घसरली. जानेवारीत. महिनाभर प्लास्टर होतं. आई दोन दिवस येऊन राहिली. आता बरं हाय, गाडी चालवली तर चालतंय म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

मी कप खाली ठेवला. "पोरगा?"

"कुठला पोरगा?"

"काय न्हाय." मग म्हटलं, "महिनाभर? अगं, रोज बोलत होतो की आपन."

"रोज. दिवसातनं कितीदातरी."

"त्या महिन्यात मी तुझ्या आईला म्हणायचो, तेजूचा आवाज काय खणखणीत हाय."

"आईनं सांगितलं मला," तेजू म्हणाली. हसू दाबत होती, पण माझ्याकडं बघतही होती, अगदी बारकाईनं, उकळत्या दुधाकडं बघतात तसं. मला कळलं, ही वाट बघतेय. इंजिन सुरू होतंय का, मी उठून दवाखान्याची फाइल मागतो का, गाडीची किल्ली काढून घेतो का. मी वाट बघितली. मीही बघत होतो. काही आलं नाही. मी चहा प्यालो आणि विचारलं, "लई दुखलं काय गं?"

"लई," ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं, पडल्यावर कुणी उचललं, प्लास्टरच्या हातानं वेणी कशी घालायची, वकीलसाहेबांनी तिची फाइल स्वतः कशी धरली. शाळेतून येऊन दुकानाच्या स्टुलावर बसून सांगायची तसं. मी मधे बोललो नाही. दोनदा तोंड उघडलेलं, मिटलं.

कुंदा घेऊन निपाणीच्या गाडीत बसलो. फार हलकं वाटत होतं. आणि हत्तरगीच्या पुढं, काहीही कारण नसताना, इंजिन सुरू झालं. जानेवारीतली खडी, गेट, ट्रक, सगळी चित्रं एकदम, मराठीत. दोन तास उशिरा, पण आलंच. शेजारच्या माणसानं विचारलं, "गाडी लागत्या काय आण्णा?" मी व्हय म्हटलं. त्यानं खिडकीची जागा दिली.

आता घरी येऊन महिने झाले. काय राहिलं ते बघायला बसलो की जमा बाजू आणि खर्च बाजू कुठली, तेच कळत नाही. सकाळी शटर उघडायच्या आधी दुकानातल्या बाकावर बसतो. मांडी घालून नाही, गुडघे ऐकत नाहीत. मनातल्या मनात सरांचं कन्नड म्हणतो. कधी ध्यान लागतं, बऱ्याचदा नाही. सुनंदा म्हणते फरक आहे. कुठला विचारलं तर म्हणते, "कुलूप एकदाच ओढताय." गोळी डॉक्टरांनी चालू ठेवलीय. ते म्हणाले, दोन्ही चालू दे, कशानं बरं वाटतंय याची चौकशी नको. मला मात्र चौकशी केल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या महिन्यात तेजूचा स्वतःहून फोन आला. "आप्पा, मला ताप हाय. गोळी घेतलीय. तुम्ही यायचं न्हाय." मी बरं म्हटलं. गेलो नाही. दिवसभर दुकानात फेऱ्या मारल्या, एका गिऱ्हाइकाची तार उलटी गुंडाळली, ती परत सोडवावी लागली. संध्याकाळी तिनंच फोन केला, ताप उतरला म्हणून. आता हे शांत राहणं झालं की नाही? सरांना विचारलं असतं तर हसले असते. पण तिनं आधी मला सांगितलं. आईला नंतर. हे सुनंदाकडून खात्री करून घेतलं.

त्या दिवसापासून मी लोकांना त्या तिसऱ्या दुपारची गोष्ट सांगायला लागलो. तीस वर्षांचा कान कसा बसल्या जागी बंद केला, मोटार समोर किरकिरत असताना. दुकानात जो येईल त्याला. एक-दोघांनी शिबिराचा पत्ताही नेला.

परवा राहवलं नाही म्हणून मॅनेजरला फोन लावला. मोटार जळली असणार, वायंडिंग नव्यानं भरून द्यावं, तेवढीच सेवा, असा विचार.

"मोटार चालू हाय की," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही गेल्यावर मिस्त्रीला दाखवली. बेअरिंग चांगलं हाय म्हणाला. आवाज शेडच्या पत्र्याचा होता, एक कोपरा सैल झालता."

"मग?"

"त्यावर वीट आधीच ठेवलती. तुम्ही होता की तेव्हा. तिसऱ्या दिवशी, दुपारची बैठक चालू असताना."